पूजेबाहेरचा पाना

मी, महिपती कोंडीबा उबाळे, वय वर्षे छप्पन्न, धंदा मोटारमिस्त्री, मूळ राहणार तालुका माढा, हल्ली मुक्काम सोलापूर, अक्कलकोट रस्ता, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत व अक्कलहुशारीने लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. असलेच तर ते माझी पत्नी मथुराबाई हिचे, आणि तेही न लिहिण्याचे आहे. पितृपंधरवड्यात नवा कागद करू नये असे ती म्हणते. मृत्युपत्राला याहून सोयीचा पंधरवडा मला तरी सापडला नाही.

डॉक्टरांनी छातीला नळी लावून सांगितले की ठोका मधूनच चुकतो. हे मला दोन वर्षांपासून ठाऊक आहे. चारांतले एक सिलिंडर मारत नसेल तर ते मिस्त्र्याला दुसऱ्याने सांगावे लागत नाही. वकीलसाहेबांनी मृत्युपत्राचा नमुना दिला, तो चांगला होता, पण त्यात माझा मजकूर मावेना. म्हणून कलमे त्यांच्या पद्धतीची आणि बोलणे माझे, असे ठरले आहे.

कलम १. देहाविषयी. माझ्या नखांतले काळे काढण्याच्या भानगडीत कोणी पडू नये, ते निघणार नाही. वडिलांची माढ्याकडे आठ एकर जिरायत होती आणि आम्ही भाऊ पाच, म्हणून अठराव्या वर्षी मी सोलापुरास येऊन गिरणीच्या इंजिनघरात तेल घालण्याच्या कामावर लागलो. ते काळे तेव्हापासूनचे आहे. पुढे १९१६ साली लढाईच्या भरतीत लॉऱ्यांच्या तुकडीबरोबर इराकात बसऱ्यास गेलो. तिथे एका म्हाताऱ्या पंजाबी फिटरने मला शिव्या देत देत मोटार शिकवली. तीन वर्षांनी परतलो तो चार पाने, एक जॅक आणि हिवताप घेऊन. हिवताप गेला, पाने आहेत. माढ्याच्या भाऊबंदांना तार करावी, पण त्यांच्यासाठी थांबू नये. ते उतारूंच्या सर्व्हिस मोटारीने येणार, आणि तिचा भरवसा किती, हे माझ्याइतके कोणाला माहीत?

कलम २. राहते घर, दोन खोल्या व परसू, मथुराबाईच्या हयातीपर्यंत तिचे. तिने ते भाड्याने द्यावे, मोकळे ठेवावे, मनास येईल ते करावे. तिच्यानंतर घर माझा मुलगा गोपाळ याचे. पोस्टात ठेवलेली रक्कमही याच क्रमाने जाईल. गोपाळ हापिसात कारकून आहे, त्याचे कपडे पांढरे राहतात याचा मला आनंदच आहे. लहानपणी एकदा त्याच्या हाताला ग्रीस लागले तेव्हा तो रडला होता. तेव्हाच मी ओळखले की हा शहाणा होणार.

कलम ३. किरकोळ चिजा. बसऱ्याहून आणलेले घड्याळ गोपाळला. शेजारच्या गॅरेजवाल्याने १९३१ साली माझा जॅक नेला आणि वाकवून परत केला, वर म्हणाला, 'असाच होता.' तो वाकडा जॅक मी जपून ठेवला आहे, तो त्याला द्यावा. त्याचाच आहे. माढ्याच्या एका बागाईतदाराने चारचौघांत म्हटले होते की त्याच्या इंजिनाचे ऑईल इंजिन पीत नाही, मिस्त्री पितो. त्याला मी माफ केले आहे, मात्र त्याने पिंडाला नमस्कार करायला येऊ नये. रबरी भोंगा मी निवृत्त शिक्षक हिंदुराव माने गुरुजी यांना देणार होतो. ते रोज सकाळी दुकानात येऊन तो वाजवतात आणि दचकल्यासारखे करतात. परंतु गुरुजी या कागदावर साक्षीदार होत आहेत, आणि वकीलसाहेबांचे म्हणणे असे की ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, नाहीतर उद्या कोणी तक्रार काढली की देणेही बुडते आणि कागदालाही बट्टा लागतो. सबब गुरुजींचा भोंगा गेला. त्यांनी मन मोठे केले आहे.

कलम ४. हे कलम मिळकतीचे नाही. वकीलसाहेब म्हणाले, असले मृत्युपत्रात लागत नाही. मी म्हटले, पुढची कलमे याच्यावरच उभी आहेत, हे काढले तर तीही काढा.

धुळा बिरा वाघमोडे, राहणार कुंभारी, हा १९२२ साली माझ्याकडे काम शिकायला आला. तेव्हा तो चांगला पंचवीस वर्षांचा होता. रोगाने त्याची मेंढरे मेली होती. मी म्हटले, या वयात तू काय शिकणार? तो म्हणाला, "मालक, दीडशे मेंढरांत कुटलं खोकतंय ते मी पाठमोरा बसून सांगत हुतो. तुमच्या ह्या गाडीत किती हायती?"

मी म्हटले, "चार."

"मग अवघड काय हाय त्यात?"

सात वर्षांत तो माझ्याहून चांगला मिस्त्री झाला. हे मी त्याला कधी सांगितले नाही. उस्तादाने सांगू नये अशी रीत आहे, आणि मला रीत सोयीची पडली.

खंडेनवमीला आम्ही हत्यारांची पूजा मांडतो. पाने, पकडी, हातोड्या धुऊन पाटावर ठेवायच्या, हळदकुंकू, झेंडूची फुले वाहायची, आणि दसऱ्याला पूजा उतरेपर्यंत एकाही हत्याराला हात लावायचा नाही. १९२५ साली एका बड्या माणसाची गाडी अडली म्हणून मी नवमीला पाना उचलला होता. पुढच्या महिन्यात आमची दुर्गा, सहा वर्षांची, तापाने गेली. तापाचा आणि पान्याचा काही संबंध नाही हे मला कळते. तरी त्यानंतर मी त्या दिवशी कधी हत्यार धरले नाही. मथुराबाई तेव्हापासून पूजा पहाटेच, पहिली गाडी दारात येण्याआधी मांडू लागली.

१९२९ साली अष्टमीला विरुपाक्ष गुरप्पा हत्तुरे याची अक्कलकोटची सर्व्हिस मोटार माझ्याकडे आली. विरुपाक्ष तिचा पगारी ड्रायव्हर, मालक वेगळे. चाके वळवणाऱ्या दांड्याचा सांधा खुळखुळत होता. धुळाने तो उघडला. आतला झिजलेला गोळा बदलायचा होता, तो नवा मिळाला नवमीला सकाळी, आणि तोवर हत्यारे पाटावर गेली होती. गोळा मी हातानेच बसवला आणि नटही हातानेच आवळला. या नटाला खाचा असतात. पान्याने शेवटचा पाव फेरा दिला की खाच आणि दांड्याचे भोक समोरासमोर येते. त्यातून दोन पायांची पिन घालून तिचे पाय वाकवले की गाडी कितीही हादरली तरी नट फिरत नाही. तो पाव फेरा हाताने बसत नाही. पिन आत जाईना.

धुळा शेजारी उभा होता. म्हणाला, "मालक, पाना मी घितो. पाप लागंल ते मला लागंल."

मी म्हटले, पूजा मोडायची नाही. पिन मी सदऱ्याच्या खिशात टाकली. उद्या दसरा, उद्या सकाळी बसवू, असा विचार केला.

विरुपाक्ष स्टँडवर उतारू जमवीत होता. तो गाडी न्यायला आला तेव्हा मी सांगितले, सावकाश ने आणि उद्या सकाळी गाडी इकडे आण. का, ते सांगितले नाही. सांगितले असते तर त्याने गाडी नेली नसती, आणि सणाच्या दिवशी मिस्त्र्याने गाडी अडवली असा बोभाटा झाला असता.

वळसंगच्या अलीकडे ओढ्याच्या उतारावर नट गळून दांडा सुटला. गाडी उजव्या अंगावर कलंडली. उतारूंचे खरचटण्यावर भागले. विरुपाक्षाचा उजवा हात दाराबाहेर होता, तो कोपरापासून काढावा लागला. त्याचे वय तेव्हा एकतीस.

दसऱ्याला मोटारीचे मालक आणि पाच-सहा ड्रायव्हर माझ्या दारात आले. त्यांनी विचारले, "सांधा कुणी उघडला हुता?" मी म्हणालो, "धुळाने." हे खरे होते. त्यापुढे मी गप्प बसलो, आणि खऱ्याचे खोटे झाले ते तिथे. धुळा एवढेच म्हणाला, "मालक, पाने तर पूजेत हुते की." मी त्याला म्हटले, तोंड बंद कर. त्याने केले. या नवमीला नऊ वर्षे होतील, त्याने ते अजून उघडलेले नाही.

त्याच दिवशी मी त्याला काढून टाकले. सोलापुरात त्याला कोणी कामावर घेईना. तो कुंभारीला परत गेला आणि आज तिथे सायकली आणि विहिरींवरची तेलाची इंजिने दुरुस्त करतो. माझे नाव मात्र झाले. लोक म्हणू लागले, महिपती मिस्त्री कडक आहे, चुकलेल्या माणसाला ठेवत नाही. या बोलण्यावर मला गिऱ्हाइके मिळाली. हे लिहिताना मला लाज वाटते. नऊ वर्षे ती वाटत होती, पण लाज वाटणे आणि ती बोलून दाखवणे यांत फरक आहे.

सांधा धुळाने उघडला. बंद मी केला. पिन माझ्या खिशात होती. ती पिन देव्हाऱ्यात कुंकवाच्या जुन्या डबीत आहे.

कलम ५. अक्कलकोट रस्त्यावरील माझे पत्र्याचे दुकान, त्यातील सर्व हत्यारे, ऐरण, भाता, बसऱ्याचे चार पाने, हे सर्व मी धुळा बिरा वाघमोडे यास देतो. दुकानावरील पाटीही त्याच्या नावाची करावी, जुनी पाटी रंगवून नव्हे, नवी. त्याने घेतले नाही तर त्याचा तो हक्क आहे. तसे झाल्यास हत्यारे मोडीच्या भावाने विकू नयेत. ज्याला त्यांची नावे सांगता येतील अशा एखाद्या गरजू मिस्त्र्यास फुकट द्यावीत.

गोपाळला हे मान्य नाही. तो म्हणाला, "आबा, दुकान द्या कुणालाबी, पण ते कलम चार काढा. मला हापिसात तोंड दाखवायचं असतं." मी त्याला म्हटले, तुझे तोंड कोणी पाहिले तर त्यांना माझे आठवेल, एवढेच ना? धुळाला तर नऊ वर्षे स्वतःचेच तोंड दाखवता आले नाही. गोपाळ वाईट नाही, तो माझ्यासारखाच आहे, म्हणून मला त्याची काळजी वाटते. त्याने या कलमाविरुद्ध कोर्टात जाऊ नये, ही आज्ञा नव्हे, विनंती.

कलम ६. विद्येविषयी. माझ्याकडे जे खरे धन आहे ते मोजून देता येत नाही, म्हणून लिहून देतो. दुकानात जो कोणी शिकायला येईल, त्याच्या वयाकडे पाहू नये. पहिले सहा महिने त्याला पाना देऊ नये, रॉकेलमध्ये नट धुवायला द्यावेत. धुता धुता बोटांना नटाचे आटे कळू लागतात, आणि ज्याला कंटाळा येतो तो आपणहून निघून जातो. उघडलेला प्रत्येक भाग निघेल त्या क्रमाने फडक्यावर मांडावा आणि उलट क्रमाने बसवावा. शेवटी एखादा नट उरला तर कंपनीने जास्तीचा दिला असे समजणारे मिस्त्री या शहरात आहेत. त्यांच्यापैकी होऊ नये. गाडीला काय झाले हे आधी ड्रायव्हरला विचारावे, मग लाकडी दांडी इंजिनाला टेकवून दुसरे टोक कानाला लावावे आणि इंजिनाला विचारावे. दोघांचे जुळले नाही तर इंजिनाचे खरे धरावे. नट आवळताना मनगट वापरावे, राग वापरू नये. पेट्रोलजवळ विडी ओढणाऱ्याला शिवी द्यावी, मग तो गाडीचा मालक का असेना. वापरलेली पिन सरळ करून पुन्हा घालू नये. पैशाला मूठभर मिळतात.

आणि काम अपुरे असेल तर गाडी देऊ नये. द्यावीच लागली तर काय अपुरे आहे ते तोंडाने सांगावे. गिऱ्हाईक रागावते, निघून जाते, दुसरे येते. एवढी एकच गोष्ट शिकायला मला छप्पन्न वर्षे लागली, बाकी सगळे मी तीन वर्षांत शिकलो होतो.

हे सर्व मथुराबाईला मी गेल्या आठवड्यात पहिल्यांदा सांगितले. तिने भाकरी थापायची थांबवली नाही. तव्यावरची उलटली आणि म्हणाली, "पूजा मी मांडली हुती. मला इचारलं असतं, तर मी सोता पाटावरनं पाना काढून दिला असता. देवी का माणसाचा हात मागती व्हय?"

तिला विचारावे हे त्या दिवशी माझ्या मनातही आले नव्हते. दुर्गा तिचीही होती, हे मी पूजेच्या वेळी विसरलो.

म्हणून या दुकानाची रीत आजपासून अशी राहील: खंडेनवमीला सगळी हत्यारे पूजेत ठेवावीत, एक पाना सोडून. तो पाना धुऊन, पुसून दाराजवळच्या खिळ्याला टांगावा. त्याला फूल वाहू नये. त्याची पूजा तो वापरण्यात आहे. अडलेली गाडी आली तर तो उचलावा, आणि पाप लागलेच तर ते माझ्या नावावर मांडावे.

कलम ७. दुकानाला लागून रस्त्याच्या तोंडाला असलेला माझा गाळा मी विरुपाक्ष गुरप्पा हत्तुरे यास देतो. हात गेल्यानंतर तो स्टँडजवळ पानाची गादी चालवतो, तीही दुसऱ्याच्या वळचणीला. हाताची भरपाई म्हणून हे देत नाही, तेवढी अक्कल मला आहे.

येथपर्यंत बुधवारी, भाद्रपद वद्य पंचमीस लिहिले. पुढील मजकूर आज शनिवारी जोडला आहे.

कलम ८. काल मी हा कागद घेऊन विरुपाक्षाच्या गादीवर गेलो. ज्याच्याविषयी लिहिले त्याला आधी कळावे, असे वाटले. तो डाव्या हाताने पानाला चुना लावीत होता. मी कलम चार वाचले. एक गिऱ्हाईक पान मागत होते, त्याला त्याने पान दिले नाही आणि जा असेही म्हटले नाही. मग म्हणाला, "परत वाचा." मी परत वाचले.

तो म्हणाला, "मी दवाखान्यात हुतो तवा धुळा आला हुता. दोनदा आला. मी भिंतीकडं त्वांड केलं. शिवम्मानं त्येला भाईर काढलं." शिवम्मा त्याची बायको. ती आत सुपारी कातरत होती, तिचा अडकित्ता थांबला.

मला वाटले, तो आता मला मारील. मारावे असेही वाटले. त्याने एवढेच विचारले, "मिस्त्री, हे मेल्यावर वाचायचं कशाला? मी जित्ता हाय, धुळा जित्ता हाय. तुमीबी अजून हायसा की."

छप्पन्न वर्षांत मला इतके सरळ कोणी विचारले नव्हते. मी पिन जशी उद्यावर टाकली होती, तसाच हा कागदही मी उद्यावरच टाकत होतो, हे मला त्या गादीपाशी उभे राहून कळले.

मग मी त्याला गाळ्याचे सांगितले. आणि दुसरा साक्षीदार अजून मिळायचा आहे हेही सांगितले, कारण अक्कलकोट रस्त्यावर ज्याला ज्याला विचारले त्याने कलम चार वाचून हात झटकले. विरुपाक्षाने विचारले, मी साक्षीदार होऊ का? मी वकीलसाहेबांचे म्हणणे सांगितले, की गाळा घ्यायचा तर सही करता येत नाही, आणि सही करायची तर गाळा बायकोच्या नावानेही घेता येत नाही. त्याने शिवम्माला कानडीतून काहीतरी विचारले. ती एकच शब्द बोलली. मग तो मला म्हणाला, "गाळा नगं. सही कुटं करायची ते सांगा."

सबब कलम ७ रद्द. तो गाळा दुकानाबरोबर धुळाकडे जाईल.

कलम ९. हा कागद माझ्या मृत्यूची वाट पाहणार नाही. येत्या खंडेनवमीला सकाळी दुकानाच्या दारात, सर्व ड्रायव्हर मंडळींसमोर, कलम चार मी स्वतः मोठ्याने वाचीन. तोवर ठोका कायमचा चुकला तर हिंदुराव गुरुजींनी वाचावे. त्यांचा आवाज शाळेमुळे लांबवर जातो. उद्या रविवारी मी कुंभारीला जाऊन धुळाला बोलावणार आहे. त्याच्याशी काय बोलायचे ते मी ठरवलेले नाही, कारण ठरवून बोलायला गेलो की मी निम्मेच बोलतो. तो दार लावून घेईल किंवा लावणार नाही. लावले तर बाहेरूनच सगळे सांगून येईन.

मथुराबाईने दाराजवळ खिळा ठोकून घेतला आहे.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, साक्षीदारांच्या समक्ष सही करून पुरे केले. याआधी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. याआधी मी खरेही पुरते बोललो नव्हतो.

मुक्काम सोलापूर, भाद्रपद वद्य अष्टमी, शके १८६०, शनिवार, तारीख १७ सप्टेंबर १९३८.

सही: महिपती कोंडीबा उबाळे, दस्तुरखुद्द

साक्षीदार पहिले: हिंदुराव भानुदास माने, निवृत्त शिक्षक, सोलापूर. महिपतीने आमच्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसरे: विरुपाक्ष गुरप्पा हत्तुरे, पूर्वी मोटार ड्रायव्हर. सही कानडीत, डाव्या हाताने. उजव्या हाताची हकीकत कलम चारमध्ये आहे.